शेरीफचा शेरा: ‘नॉन एस्ट इन्व्हेंटस’

प्रश्न असा आहे: मुंबईतल्या एका जुन्या दाव्याचं समन्स शेरीफने, म्हणजे नगरपालाने, ‘नॉन एस्ट इन्व्हेंटस’ असा लॅटिन शेरा मारून परत केलंय. त्याचं मराठी ‘सदर इसम अस्तित्वात नाही’ असं करावं का?

करू नये. इथे ‘एस्ट’ हे ‘इन्व्हेंटस’चं सहायक क्रियापद आहे, दोन्ही मिळून ‘सापडला’, आणि ‘नॉन’मुळे ‘सापडला नाही’. माणूस हयात आहे की नाही, नाव खरं की बनावट, यावर नगरपाल चकार शब्द काढत नाही. ‘माझ्या हद्दीत सापडला नाही’ एवढंच त्याचं म्हणणं. मुळात हा शेरा ‘कॅपियास’वरचा, म्हणजे अटकेच्या हुकमावरचा. प्रतिवादी स्त्री असेल तर व्याकरणाने ‘इन्व्हेंटा’ हवं, अनेक पुरुष असतील तर ‘इन्व्हेंटी’. नावाचा भाग फाटला असेल तर हा प्रत्यय जरूर पाहा, मात्र कारकून नेहमी व्याकरण सांभाळतीलच असं नाही.

घोटाळा होतो तो हल्लीच्या निकालपत्रांतल्या नुसत्या ‘नॉन एस्ट’मुळे. तिथे अर्थ ‘कायद्याच्या लेखी अस्तित्वातच नाही’ असा, आणि तो आदेशाला किंवा कृतीला लागतो, माणसाला नव्हे.

मराठीत ‘आढळून आला नाही, समन्स बजावणीविना परत’ असं लिहावं. ‘तामील’ हिंदी वळणाचा वाटतो. आपल्या कोर्टांत ‘बजावणी’च चालते.

आता सदोष परतीबद्दल, म्हणजे समन्स परत करताना लिहिलेला अहवाल अपुरा असेल तर काय होतं त्याबद्दल. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८, आदेश ५, नियम १७ प्रमाणे पुरेसा शोध घेऊनही प्रतिवादी भेटला नाही आणि वाजवी वेळात भेटण्याची शक्यताही नसली, तर बेलिफ, म्हणजे समन्स बजावणारा कोर्टाचा कर्मचारी, प्रत दारावर डकवतो. मग मूळ समन्सवर लिहायचं असतं: प्रत डकवली, कोणत्या परिस्थितीत, घर कोणी ओळखून दाखवलं, आणि कोणासमक्ष डकवली, त्यांची नावं-पत्ते. चाळीत एकदा जाऊन ‘खोली बंद’ लिहिलं तर यातलं काहीच सिद्ध होत नाही. अहवालाला प्रतिज्ञापत्राची जोड नसेल तर नियम १९ खाली कोर्टाने बेलिफची शपथेवर तपासणी करायलाच हवी. अशा बजावणीवर एकतर्फी हुकूमनामा झाला, तर प्रतिवादी आदेश ९, नियम १३ खाली तो रद्द करून मागतो. अर्थात तारीख त्याला वेळेत कळली होती असं दिसलं, तर नुसत्या अनियमिततेवर हुकूमनामा रद्द होत नाही.

म्हणून अनुवादकाने शेरा ‘सुधारू’ नये. मुळात ‘खोली बंद’ एवढंच असेल, तर ‘वारंवार जाऊनही भेटला नाही’ असं लिहिणं म्हणजे पुराव्यात भर घालणं.