जनुके तीच असताना सांगाडे वेगळे कसे घडतात?

हाडांची घडण ठरवणारी जनुके साप, मासा, उंदीर आणि माणूस यांच्यात जवळपास सारखीच असतील, तर सापाला पाय का नाहीत आणि आपल्याला का आहेत, असे तुम्ही विचारले आहे. मी पदवीच्या वर्गांना प्राणिशास्त्र शिकवतो आणि हा प्रश्न दर वर्षी कोणी ना कोणी विचारतोच, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका सर्पमित्राने उसाच्या फडातून पकडलेला अजगर वनविभागाकडे सोपवण्याआधी मला जवळून पाहायला मिळाला. त्याने शेपटीकडचा भाग अलगद उलटा धरला, तेव्हा विष्ठाद्वाराच्या दोन्ही बाजूंना खवल्यांमधून डोकावणारे, वाकड्या नखासारखे दोन काटे स्पष्ट दिसले. या काट्यांच्या मुळाशी, मांसात दडलेले, मांडीच्या आणि कमरेच्या हाडांचे लहानसे अवशेष असतात. म्हणजे अजगराला मागचे पाय फुटतात, पण ते मांडीपाशीच थांबतात. नागाला किंवा घोणशीला तेवढेही नसतात.

ते का थांबतात, हे गर्भात पाहिले की कळते. अजगराच्या गर्भात मागच्या पायांच्या जागी कोंब येतो, जसा तो उंदराच्या आणि माणसाच्या गर्भात येतो. हा कोंब लांबून त्याला पोटरी, पाऊल आणि बोटे फुटायची असतील, तर त्याच्या करंगळीकडच्या कडेला सोनिक हेजहॉग नावाचे जनुक चालू व्हावे लागते आणि काही काळ चालू राहावे लागते. अजगरात ते चालू होते, पण लगेच विझते, आणि कोंबाची वाढ खुंटते. जनुक मात्र शाबूत असते, आणि ते तसे असणे भागच आहे, कारण हेच जनुक मेंदू आणि मज्जारज्जू यांच्या घडणीतही लागते. ते गमावले असते तर साप अंड्यातून बाहेरच आला नसता.

बिघडलेली असते ती जनुकाची कळ. जनुकाजवळ किंवा त्याच्यापासून दूरवर डीएनएचे असे तुकडे असतात, ज्यांच्यापासून प्रथिन बनत नाही, पण ज्यांच्यावर नियामक प्रथिने येऊन बसली की जनुक विशिष्ट जागी आणि विशिष्ट वेळी चालू होते. त्यांना एनहान्सर म्हणतात. हातापायांच्या कोंबात सोनिक हेजहॉग चालू करणारा एनहान्सर झेडआरएस या नावाने ओळखला जातो. तो डीएनएच्या सुमारे ८०० अक्षरांचा आहे आणि माणसात जनुकापासून सुमारे १० लाख अक्षरे दूर, चक्क दुसऱ्याच एका जनुकाच्या पोटात बसलेला आहे. उंदरातून एवढाच तुकडा काढला तर मेंदू नीट घडतो, पण पायांचे पुढचे भाग तयार होत नाहीत. माणसात या तुकड्यातील एक अक्षर बदलले तरी अंगठ्याच्या बाजूला जादा बोट येऊ शकते. (सहावे बोट असलेल्या प्रत्येकात हेच कारण असते असे नाही, करंगळीकडच्या जादा बोटाची कारणे बहुधा वेगळी असतात.)

मला सर्वांत बोलका वाटतो तो २०१६ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग. त्यात उंदराचा झेडआरएस काढून त्या जागी इतर प्राण्यांचा घातला गेला. माणसाचा घातला, पाय नीट आले. सीलाकँथ या माशाचा घातला, तरीही पाय नीट आले. माशाचा आणि उंदराचा सामाईक पूर्वज ४० कोटी वर्षांहून जुना असूनही. सापाचा घातला तेव्हा मात्र पायांच्या जागी खुंट राहिले. सापांच्या या तुकड्यात १७ अक्षरांचा एक भाग गळालेला आहे. अजगराच्या तुकड्यात तो परत भरून पाहिला, तेव्हा उंदराला पुन्हा पाय आले. यावरून सापाचे पाय केवळ या १७ अक्षरांमुळे गेले, असा निष्कर्ष मी काढणार नाही. पुढचे पाय तर अजगरात कोंबाच्या पायरीपर्यंतही पोहोचत नाहीत, आणि निरुपयोगी झालेली कळ पुढे झिजत जाणेही स्वाभाविक आहे.

पाठीच्या कण्याचीही गोष्ट अशीच आहे, जरी तिथे यंत्रणा वेगळी आहे. गर्भात मणक्यांचे पूर्वखंड एकामागून एक कापले जातात, आणि प्रत्येक खंडाची वेळ ठराविक लयीत चालू-बंद होणारी जनुके ठरवतात. वाढीच्या मानाने सापातील हे घड्याळ फार जलद चालते, त्यामुळे खंड लहान आणि पुष्कळ होतात: कॉर्न स्नेकमध्ये ३१५, उंदरात सुमारे ६५. कोणत्या मणक्याला बरगडी यावी हे हॉक्स जनुके ठरवतात. उंदरातील हॉक्स-१० गटाची सगळी जनुके निकामी केली, तेव्हा कमरेच्या मणक्यांनाही बरगड्या फुटल्या.

बदल जनुकात न होता त्याच्या कळीत, म्हणजे एनहान्सरमध्ये, का होतो, याचे उत्तर स्टिकलबॅक या छोट्या माशात सापडते. समुद्रातील स्टिकलबॅकच्या पोटाखाली कमरेच्या हाडाला जोडलेले काटे असतात. सुमारे १० हजार वर्षांपूर्वी हिमयुग सरल्यावर जे मासे गोड्या पाण्याच्या तळ्यांत अडकले, त्यांच्यापैकी अनेकांचे काटे वेगवेगळ्या तळ्यांत स्वतंत्रपणे नाहीसे झाले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील डेव्हिड किंग्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे मूळ पिटएक्स-१ या जनुकापर्यंत नेले. हे जनुक जबड्यात आणि पियुषिका ग्रंथीतही काम करते, त्यामुळे ते पूर्ण गेलेले उंदीर जगत नाहीत. माशांत मात्र जनुक जसेच्या तसे होते. फक्त कमरेपुरता त्याचा एनहान्सर गळाला होता. २०१० साली त्यांनी शाबूत एनहान्सर जोडलेले जनुक बिनकाट्याच्या माशात घातले, आणि काटे परत आले.

याच जनुकाची एक खूण उघड्या डोळ्यांना दिसते. पिटएक्स-१ नसलेल्या उंदरांत उजवा मागचा पाय डाव्यापेक्षा अधिक खुजा असतो, कारण डाव्या बाजूला त्याचे भावंड असलेले पिटएक्स-२ काही प्रमाणात उणीव भरून काढते. काटे गमावलेल्या स्टिकलबॅकमध्येही हाडाचा उरलेला तुकडा बहुधा डाव्या बाजूला मोठा असतो, आणि मागचे पाय गमावलेल्या मॅनेटी या सागरी सस्तन प्राण्याच्या कमरेच्या अवशेषांतही डावीच बाजू मोठी आढळली आहे.