कोल्हापूरहून मालवण एका दिवसात करून परत येता येईल का?

हो, येईल, फक्त पहाटे पाचला कोल्हापूर सोडा. अंतर साधारण दीडशे किलोमीटर, पण मध्ये घाट असल्यानं जायलाच चार तास धरा. आम्ही राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली, कसाल असं जातो. गगनबावड्याकडूनही रस्ता आहे, मात्र करूळ घाट चालू आहे का ते आधी विचारा. दरडींमुळे तो कधीकधी बंद असतो. मालवणात पोचल्यावर आधी होडीनं सिंधुदुर्ग किल्ला, मग मासळीचं जेवण. उलटं केलंत तर भर उन्हात तटावर चालणं नको होतं. तारकर्ली वेळ उरली तरच. पावसाळ्यात किल्ल्याच्या होड्या बंद असतात, तेव्हा जायचं तर घाटासाठीच जा. परतताना दाजीपूरचं जंगल उजेडातच पार करा, गवे रस्त्यावर येतात.