'हालखाता'तला 'हाल' कोणता?

प्रश्न असा आहे: बंगाली नववर्षाला दुकानदार गिऱ्हाइकांना बोलावतात, त्या निमंत्रणपत्रिकेवर 'शुभ हालखाता' असं छापलेलं असतं. हा 'हाल' म्हणजे नांगर, की हालअपेष्टांतला हाल?

नांगराचा अर्थ बंगालीतही सांगितला जातो, कारण तिथे 'हाल' म्हणजे नांगर आणि होडीचं सुकाणूसुद्धा. पण मला तो ओढूनताणून आणलेला वाटतो. दुसरा तर्क जास्त जवळचा आहे. अरबी 'हाल' म्हणजे स्थिती, अवस्था. तो फारसीमार्गे आपल्याकडे आला. वाईट अवस्थेचे झाले 'हाल', आणि सध्याची स्थिती सांगणारं झालं 'हल्ली'. हालखात्यातला हाल या 'हल्ली'च्या घरातला: चालू. बंगालीत 'हाल आमल' म्हणजे आजचा काळ, आणि बांगलादेशात अपडेट करण्याला सर्रास 'हालनागाद' म्हणतात.

'खाता'ने मात्र फसू नका. ते बँकेतलं खातं नव्हे, साधी वही. शाळकरी पोराच्या गृहपाठाची वहीसुद्धा खाताच. म्हणून हालखाता म्हणजे चालू सालाची वही.

ही वही उघडायची ती पयला बैशाखला, म्हणजे बंगाली नववर्षाच्या पहिल्या दिवशी, १४ किंवा १५ एप्रिलला. (बांगलादेशात तारीख १४ अशी पक्की, पश्चिम बंगालमध्ये पंचांगानुसार, बहुधा १५.) लाल जाड्याभरड्या कापडात, 'खेरो'त, बांधलेली कोरी वही घेऊन व्यापारी पहाटेच कालीघाट किंवा दक्षिणेश्वरच्या कालीमंदिराच्या रांगेत उभे राहतात. पहिल्या पानावर शेंदराने स्वस्तिक काढायचं, शेंदरात बुडवलेल्या नाण्याचा ठसा उमटवायचा, लक्ष्मी-गणेशाची पूजा करायची. आपल्याकडे दिवाळीत वहीपूजन होतं, त्याच जातीचा प्रकार. पण इथे गिऱ्हाइकालाही आवतण असतं. त्याने यायचं, मागची उधारी चुकती करायची, जमल्यास थोडं आगाऊ ठेवायचं आणि मिठाईचा डबा व बंगाली कॅलेंडर घेऊन घरी जायचं. उधारी मागायची इतकी गोड रीत दुसरी नसेल! आता हिशेब कॉम्प्युटरवर गेले, तरी पूजेपुरती लाल वही बरेच जण घेतातच.

मराठीत लिहिताना 'हालखाते' करू नका, ते बँकेचं वाटेल. 'हालखाता' पुल्लिंगी ठेवा: दुकानात हालखाता झाला, हालखात्याला गेलो.