कॉमिक्सच्या शिक्षणासाठी परदेशी जाण्याआधी

स. न.

आपली मुलगी यंदा बारावीत आहे, इंटरमिजिएट ड्रॉइंगमध्ये तिला ‘अ’ श्रेणी मिळाली आहे आणि परदेशात कॉमिक्सची चित्रकार होण्याचा तिचा निश्चय आहे. त्यासाठी घर तारण ठेवून तिकडच्या पदवीकरिता कर्ज काढावे का, असे आपण कोथरूडहून विचारले आहे.

कर्ज आत्ता काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. या व्यवसायात संपादक पदवीआधी पाने पाहतात. आपण पाठवलेली तिची चित्रे सुरेख आहेत, परंतु ती सगळी सुटी व्यक्तिचित्रे असल्यामुळे तिला गोष्ट सांगता येते का, हे त्यांवरून कळत नाही. एकच पात्र सहा चौकटींत निरनिराळ्या कोनांतून ओळखू येईल असे काढणे, त्यामागे लक्ष्मी रस्त्यावरची गर्दी उभी करणे आणि संवादाच्या फुग्यांसाठी जागा आधीच राखणे, यांत खरी परीक्षा होते. वर्षभरात तिने आठ-आठ पानांच्या दोन पूर्ण कथा काढाव्यात.

अमेरिकेतील मासिक अंक साधारण वीस-बावीस पानांचा असतो आणि पेन्सिल, शाई, रंग व अक्षरे ही कामे बहुधा वेगवेगळी माणसे करतात. मोबदला पानामागे मिळतो, पाने इंटरनेटवरून पाठवता येतात. म्हणजे त्या कामासाठी पुणे सोडावेच लागते असे नाही. मात्र मोठ्या सुपरहिरो कंपन्यांत पात्रांचे हक्क कंपनीकडेच राहतात. याच असंतोषातून काही चित्रकारांनी 1992 मध्ये ‘इमेज कॉमिक्स’ काढली. तिथे हक्क निर्मात्याकडे राहतात. फ्रान्समध्ये साधारण 46 पानांच्या आल्बमसाठी, म्हणजे पुस्तकरूपातल्या कॉमिक्ससाठी, चित्रकाराला रॉयल्टीपोटी आगाऊ रक्कम देतात आणि विक्रीतून ती वसूल होईपर्यंत आणखी काही मिळत नाही.

म्हणून तिने राज्याची सीईटी देऊन अभिनव कला महाविद्यालयासारख्या ठिकाणी बीएफए ही ललित कलेची पदवी करावी आणि सोबत पुण्याच्या आलियाँस फ्रान्सेजमध्ये फ्रेंच शिकावे. 1974 पासून कॉमिक्सच्या महोत्सवासाठी ओळखल्या जाणाऱ्या फ्रान्समधल्या आंगुलेम शहरात या कलेचे शिक्षण देणारी सरकारी संस्था आहे. पदव्युत्तर शिक्षणासाठी त्या संस्थेचा विचार तेव्हा करता येईल. पुढे पहिला करार हाती येईल, तेव्हा हक्क कोणाचे, मूळ पाने कोणाची आणि भाषांतराच्या आवृत्तीचा वाटा किती, हे वकिलाकडून समजून घेतल्याशिवाय तिला सही करू देऊ नका.