जुनी .३०-०६ रायफल ‘इम्प्रूव्हड’ काडतुसासाठी री-चेंबर करून घेणं परवडतं का?

नाही परवडत. .३०-०६ असेल तर अजिबातच नाही.

एवढं लिहून थांबणार होतो, पण तुम्ही प्रश्नात खाली लिहिलंय ना, ‘फक्त रीमर (भोक मोठं करायचं हत्यार) फिरवायचा असतो, अर्ध्या तासाचं काम आहे असं एक जण म्हणाला’, ते वाचलं आणि डोकं फिरलं. हेच वाक्य मी २०१६ पासून ऐकतोय, लग्नात, बारशात, व्हिडिओ कॉलवर, आणि म्हणणारे आहेत माझे थोरले साडू, त्यामुळे तोंडावर काही बोलता येत नाही. इथे बोलतो.

आधी सांगतो, मी बंदूकवाला नाही. सातपूर एमआयडीसीत टूलरूमला ३१ वर्षं काढली, रीमर, गेज, जिग-फिक्श्चर यातच केस पांढरे झाले. घरात बंदूक म्हणाल तर दिंडोरीला काकांकडे पीक संरक्षणाच्या लायसनवरची .३१५ आहे, तीही निवडणूक आली की पोलीस स्टेशनला जमा आणि एरवी कपाटात. पण भोक कसं पाडायचं आणि ते किती खोल पाडायचं हे मला कळतं, आणि री-चेंबर म्हणजे शेवटी तेच आहे: नळीत काडतूस बसतं ती जागा, म्हणजे चेंबर, ‘इम्प्रूव्हड’साठी मोठी करायची. ‘इम्प्रूव्हड’ म्हणजे तेच काडतूस, फक्त अंग फुगवून आत बंदुकीच्या दारूला जागा वाढवलेलं.

तर साडू राहतात अमेरिकेत, आयडाहोत, बोइसी गावात. मूळचे आपल्या पंचवटीतले. इथे असताना गोदाकाठी कबुतरांना दाणे टाकायचे, तिकडे जाऊन एल्क (मोठं हरीण) मारायला लागले, असो. भाचीचं ग्रॅज्युएशन होतं म्हणून आम्ही दोघं गेलो होतो. दुसऱ्याच दिवशी मला बेसमेंटमध्ये नेऊन रायफल दाखवली. रेमिंग्टन ७००, .३०-०६, नुकतीच गावातल्या एका कारागिराकडून अ‍ॅक्ली इम्प्रूव्हड करून आणलेली. साडेतीनशे डॉलर कारागिराला, रीलोडिंगच्या, म्हणजे रिकाम्या केस (काडतुसाचं पितळी कवच) परत भरायच्या, डाय वेगळ्या. चेहरा असा की नवीन फ्लॅट घेतलाय.

शनिवारी रेंजवर गेलो. मी टुरिस्ट व्हिसावर, रायफलला हात लावायचा नाही असं मी स्वतःच ठरवलेलं, म्हणून माझ्याकडे वही-पेन आणि क्रोनोग्राफचे (गोळीचा वेग मोजायच्या यंत्राचे) आकडे लिहायचं काम. साडूंनी जुने आकडे कार्डावर लिहून ठेवले होते, १८० ग्रेन वजनाची गोळी, फॅक्टरीचं काडतूस, सरासरी २,६९० फूट सेकंदाला. आता तेच फॅक्टरीचं काडतूस नव्या चेंबरमधून. पहिला आकडा २,६४८. दुसरा २,६३५. तिसरा २,६४१. मी लिहिलं आणि काही बोललो नाही. साडू म्हणाले, ‘हे फायर-फॉर्मिंग आहे राव, आत्ता केस फुगून नवा आकार घेतेय, त्यात जोर जातो.’ ते बरोबरच होतं म्हणा, त्यात त्यांची चूक नाही, साधं काडतूस इम्प्रूव्हड चेंबरमधून मारलं की वेग थोडा पडतोच. पण अशा साठ गोळ्या उडवल्या, नळीची झीज झाली, पैसे गेले, तेव्हा साठ केस तयार झाल्या. मग त्या भरून पुढच्या शनिवारी परत गेलो, सरासरी निघाली २,७५५.

म्हणजे वाढ ६५ फूट. दोनशे यार्डला झीरो केली, म्हणजे तिथे नेम बरोबर जुळवला, तर तीनशे यार्डला गोळी आधी साधारण साडेआठ इंच खाली जात होती, आता आठ इंच. अर्धा इंच! अर्ध्या इंचासाठी माणूस साडेतीनशे डॉलर, साठ गोळ्या आणि दोन शनिवार घालवतो. त्यातही थोडा वाटा काडतुसात दारू जरा जास्त भरल्याचा असणार, प्रेशर मोजायचं यंत्र त्यांच्याकडे नव्हतंच.

याला कारण आहे आणि ते काही गुपित नाही. पार्कर ओटो अ‍ॅक्ली नावाचा अमेरिकन गनस्मिथ होता, त्याने काडतुसाच्या अंगाचा टेपर (निमुळतेपणा) कमी केला आणि खांदा, म्हणजे केस अंगापासून मानेकडे अरुंद होते तो उतार, ४० डिग्रीला आणला, म्हणजे त्याच लांबीत आत दारूला जागा वाढते. कल्पना भारी आहे. पण बोअर (नळीच्या भोकाचा व्यास) तोच ठेवून जागा जितके टक्के वाढते, त्याच्या अंदाजे चौथ्या हिश्श्यानेच वेग वाढतो. .३०-०६ चं काडतूस १९०६ पासूनच बऱ्यापैकी सरळ अंगाचं, त्यात वाढून वाढून किती वाढणार, पाच-सात टक्के. त्याचा चौथा हिस्सा काढा तुम्हीच. खरा वेग हवा असेल तर .३०० विन्चेस्टर मॅग्नम घ्या, त्याच १८० ग्रेनला २,९५० च्या आसपास देते आणि काडतूस दुकानात मिळतं.

बरं, आता मुद्द्याचं. माझ्या मुद्द्याचं.

त्या रात्री बेसमेंटमध्ये साडू रायफल साफ करत होते आणि मी सवयीने रिकाम्या केस हातात घेऊन बघत होतो. बुडापासून अर्ध्या बोटावर एक चकाकती रेघ. गोल, सगळ्या बाजूंनी. दुसरी उचलली, तिलाही तशीच. मेहुणीच्या टेबलावरून एक पेपरक्लिप घेतली, सरळ केली, टोकाला वाकवून केसच्या आतून बुडाकडून वर ओढत आणली, तर बरोबर त्या रेघेपाशी टोक खळकन अडकलं. आतून खाच. पितळ ताणलं गेलं की असं होतं, तिथे भिंत पातळ होते आणि मग एक दिवस तुकडा पडतो.

मी विचारलं, ‘कारागिराने बॅरल, म्हणजे नळी, काढून एक आटा मागे घेतला का?’

‘नाही, गरज नसते. जागेवरच रीमर फिरवला. अर्धा तास.’

तर ऐका. .३०-०६ चं काडतूस बिनरिमचं, म्हणजे बुडाला बाहेर आलेली कड नसलेलं, ते चेंबरमध्ये खांद्यावर टेकतं. काकांच्या .३१५ चं कडेवर म्हणजे रिमवर टेकतं, तिथे हिशोब वेगळा. आता इम्प्रूव्हडमध्ये खांदाच तुम्ही पुढे फुगवणार, मग जुनं काडतूस टेकणार कुठे? म्हणून नवं चेंबर मुद्दाम ४ थाऊ (इंचाचे हजारावे भाग) आखूड ठेवायचं असतं, म्हणजे जुनं काडतूस मानेच्या सांध्याशी घट्ट चिमटीत बसतं आणि मागे बोल्टला (चेंबर मागून बंद करणाऱ्या भागाला) टेकून राहतं. आणि चेंबर आखूड करायचं तर बॅरल काढून मागे घ्यावाच लागतो, आधीच पडलेलं भोक रीमर फिरवून लहान होत नाही, हे आयटीआयच्या पहिल्या वर्षाच्या पोराला पण कळतं. रेमिंग्टन ७०० ला इंचात १६ आटे, एक आटा म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर, तेवढा मागे घ्यायचा आणि मग गेज लावून रीमर चालवायचा. हे न करता जागेवर फिरवलं की काडतूस आत सैल राहतं. घोडा पडला की पिन त्याला पुढे ढकलते, दारू पेटली की पातळ भिंत चेंबरला चिकटते, आणि बूड एकटं मागे बोल्टकडे जातं. ताण बरोबर त्या रेघेवर. ४ थाऊ म्हणजे झेरॉक्सच्या एका कागदाची जाडी हो, पण टूलरूममध्ये आम्ही एवढ्यावर माल रिजेक्ट करायचो आणि तो माल काही तोंडापासून वितभर अंतरावर फुटत नव्हता.

साडू हसले. म्हणाले, ‘राव, हे तुमच्या सातपूरचं बुशिंग नाही. बंदूक वेगळी गोष्ट आहे.’ मी पुढे बोलणार तर जिन्यातून बायकोचा आवाज, ‘अहो, पाहुणे आहोत आपण.’ गप्प बसलो.

आम्ही परत आल्यावर तिसऱ्या आठवड्यात फॅमिली ग्रुपवर फोटो. केसचं बूड बाहेर, पुढचा भाग चेंबरमध्येच अडकलेला. सुदैवाने कुणाला काही झालं नाही. खाली साडूंची ओळ, ‘ब्रास खराब निघालं.’ मी अंगठा पाठवला, काय करणार.

तेव्हापासून आजपर्यंत विषय निघाला की ‘ब्रास खराब होतं’. गेल्या डिसेंबरात गंगापूर रोडच्या लॉन्सवर लग्न होतं, तिथेही जिलबी खाता खाता चार जणांना तेच सांगत होते. पण दोन वर्षांपूर्वी मेहुणी बोलता बोलता बोलून गेली की त्यांनी नंतर दुसऱ्या कारागिराकडे जाऊन बॅरल काढून मागे घेऊन चेंबर परत करून घेतलं होतं, पुन्हा पैसे भरून, आणि उरलेल्या नव्या केस त्याच खोक्यातल्या वापरल्या. त्यानंतर एकही तुटली नाही. खोकं तेच, ब्रास तेच. मग खराब काय होतं, भाऊसाहेब?

असो. तुमचा प्रश्न.

सगळेच इम्प्रूव्हड फालतू असं नाही. जुनी टेपरवाली, मवाळ भरलेली काडतुसं असतात, .२५७ रॉबर्ट्स, .२५० सॅव्हेज, किंवा .२२ हॉर्नेटचं के-हॉर्नेट, त्यात फरक जाणवण्याइतका पडतो. .२८० अ‍ॅक्ली तर आता फॅक्टरीचंच तयार मिळतं, म्हणजे फायर-फॉर्मिंगची कटकट नाही. केस वारंवार ट्रिम करावी, म्हणजे वाढलेली लांबी कापावी, लागत नाही हाही एक फायदा आहे, तो साडूंनाही कबूल करतो. उलट बाजूला, ४० डिग्रीचा खांदा मॅगझिनमधून वर येताना कधीकधी अडतो, साडूंची दोनदा अडली, आणि विकायला गेलात तर गिऱ्हाईक निम्मं.

हां, आणि हे सगळं तुम्ही परदेशात आहात असं धरून लिहिलंय, तुम्ही कुठले ते प्रश्नात नाही. इकडे असाल तर वरचं सगळं विसरा. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद आहे, लायसनवर बोअर लिहिलेला असतो, आणि शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ५ प्रमाणे हत्यारात फेरफार करणं किंवा काडतूस बनवणं हे ज्याच्याकडे त्याचं लायसन आहे त्याचंच काम, घरी भरायचं नाही आणि ओळखीच्या लेथवाल्याकडे तर मुळीच जायचं नाही. मला रिटायर झाल्यावर दोन जणांनी विचारलंय, दोघांना चहा पाजून परत पाठवलं. काही शंका असेल तर शहरात पोलीस आयुक्तालय, ग्रामीणला कलेक्टर ऑफिस, तिथे लेखी विचारा.

तिकडे असाल आणि करायचंच ठरवलं असेल, तर त्या अर्ध्या तासवाल्याला एवढंच विचारा की बॅरल काढणार का. ‘गरज नाही’ म्हणाला तर रायफल उचला आणि घरी या.