तळहातांना सतत घाम येतो, म्हणजे घामाच्या ग्रंथी बिघडल्या आहेत का?

थंडीतही तळहात ओले राहतात, तर ग्रंथी जास्त आहेत की बिघडलेल्या, असं तुम्ही विचारलंय. बहुधा दोन्ही नाही. मलाही शाळेपासून हा त्रास आहे. पेपर लिहिताना हाताखाली रुमाल ठेवायचो आणि ‘एवढा घाबरतोस कशाला’ हे ऐकून घ्यायचो. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्या त्वचेत साधारण 20 ते 40 लाख घर्मग्रंथी असतात. बहुतेकींची घडण एकच: त्वचेच्या खोल थरात नळीचं वेटोळं आणि तिथून वर येणारं तिचं बारीक टोक. वेटोळ्यात खारट पाणी तयार होतं, वर येता येता नळी त्यातलं बरंचसं मीठ परत शोषून घेते. (सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात हे शोषणंच नीट होत नाही. त्या मुलांचा घाम फार खारट असतो आणि घाम तपासूनच निदान करतात.) काखेतल्या, जांघेतल्या काही ग्रंथी वेगळ्या असतात. त्या वयात येताना जाग्या होतात आणि वास येतो तो जिवाणूंमुळे. तुमच्या प्रश्नाशी त्यांचा संबंध नाही.

ग्रंथी पाझरतात त्या मज्जातंतूंच्या हुकमावर. अंगावरच्या ग्रंथींना तो मुख्यतः उष्णतेमुळे मिळतो, तळहात-तळपायांच्या ग्रंथींना मनावरच्या ताणामुळे. आपल्यासारख्यांत हा हुकूमच गरजेपेक्षा जास्त सुटतो, ग्रंथी मात्र चारचौघांसारख्याच असतात. याची मोठी खूण म्हणजे झोपेत हात कोरडे असतात. घरच्यांना एकदा बघायला सांगा. रात्री कपडे भिजत असतील, वजन घटत असेल, ताप येत असेल किंवा त्रास अलीकडेच सुरू झाला असेल, तर थायरॉइड, क्षयरोग, चालू असलेली औषधं हे सगळं डॉक्टरांकडून तपासून घ्या.

त्वचारोगतज्ज्ञ सहसा आधी अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडचं द्रावण देतात. ते नळीचं तोंड तात्पुरतं बुजवतं. रात्री लावायचं, तेही पूर्ण कोरड्या हाताला, नाहीतर चुरचुरतं. त्यानं भागलं नाही तर पाण्यात हात ठेवून सौम्य वीजप्रवाह देतात, किंवा बोटॉक्सची इंजेक्शनं. छातीतल्या मज्जातंतूंवरची शस्त्रक्रिया अगदी शेवटी. हात कोरडे होतात, पण अनेकांना पाठीवर, पोटावर जास्त घाम येऊ लागतो आणि तो कायमचा राहू शकतो. होकार देण्याआधी हे डॉक्टरांना खोदून विचारा. माझं द्रावणावर भागतं, रुमाल आता लागत नाही.