सेझ ‘सीमेबाहेर’ की ‘हद्दीबाहेर’?

ऐरोलीच्या सेझमध्ये, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रात, नोकरी करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. कंपनीच्या कागदांत ती जागा देशाच्या सीमाशुल्क क्षेत्राबाहेरची मानलेली असते, मग ‘सेझ भारताच्या सीमेबाहेर आहे’ असं लिहिलेलं चालेल का? तिथे देशाचं सार्वभौमत्व संपतं का?

‘सीमेबाहेर’ चालणार नाही. ‘सीमाशुल्काच्या हद्दीबाहेर’ लिहा. सीमा देशाची असते, हद्द कुणाच्या तरी अधिकाराची. पोलीस ठाण्याची ‘सीमा’ कुणी म्हणत नाही, हद्दच म्हणतात. आणि एकाच जागेवर चार अधिकाऱ्यांच्या चार हद्दी सुखाने नांदतात.

2005 च्या सेझ कायद्याचं कलम 53 मंजूर कामांपुरता सेझला सीमाशुल्क क्षेत्राबाहेरचा प्रदेश मानतं. त्यामुळे ठाण्याच्या दुकानदाराने तिथल्या कंपनीला संगणक पुरवले की ती निर्यात ठरते. तेच जुने झाल्यावर बाहेर विकायला काढले, तर शुल्काचा हिशेब आयातीसारखा. पण त्या आवारात चोरी झाली तर गुन्हा नवी मुंबई पोलिसांकडेच नोंदवला जातो. कलमातलं ‘मानणं’ फार मोलाचं आहे. ही रेघ संसदेने आखली आणि संसदच ती पुसू शकते, म्हणजे इथे सार्वभौमत्व संपलेलं नाही, वापरलेलं आहे.

खरी सीमा पाहायची तर आपल्या लोकलच्या वाटेवरचं शीव घ्या. शीव हे ‘सीमा’चंच घरगुती रूप. तिथे मुंबई बेट संपायचं. पलीकडची साष्टी, म्हणजे आपलं ठाणंही, पोर्तुगीजांकडे होती. 1737 मध्ये मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला, तेव्हा मुंबईकर इंग्रजांचा शेजारीच बदलला. तिथे राज्य बदलायचं, सेझच्या फाटकाशी फक्त शुल्काचा नियम बदलतो.

‘सार्वभौम’ शब्द ‘सर्वभूमी’वरून आला, साऱ्या पृथ्वीचा स्वामी तो सार्वभौम. आज तो आखलेल्या सीमांच्या आत राहणाऱ्या देशाला लावतो, आणि जागतिकीकरणात तिथेही ओढाताण होते. ऑक्टोबर 2019 मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या पंचमंडळाने सेझसकट भारताच्या काही निर्यात सवलती नियमबाह्य ठरवल्या. भारताने अपील केलं. अशा बातमीत ‘सीमा ओलांडली’ लिहिणं मला अजिबात पटत नाही. सीमा होती तिथेच आहे. आपण स्वतः सही केलेल्या कराराने सार्वभौम अधिकाराच्या वापरावर मर्यादा आली, एवढंच घडलं. तिथे शब्द ‘मर्यादा’च हवा.